फॅन्कोनी ॲनिमिया : पालकांनी उभारलेल्या संशोधनाचा इतिहास

१/
सन १९८३. अमेरिकेच्या वायव्येकडील ओरेगन राज्याचे ॲटर्नी जनरल डेव्ह फ्रोनमायर आणि त्यांच्या पत्नी लिन यांना एका रोगाचे नाव प्रथमच कळले : फॅन्कोनी ॲनिमिया. थोरली मुलगी कर्स्टन तेव्हा दहा वर्षांची होती. पाठोपाठ धाकट्या केटीलाही तोच रोग असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. रोगावर औषध नव्हते आणि त्यावर काम करणारे शास्त्रज्ञही मोजकेच होते. मूलपेशींच्या, म्हणजेच स्टेम सेलच्या उपचारांचा इतिहास सहसा प्रयोगशाळांच्या नावाने सांगितला जातो. त्या इतिहासात अशा घरांचा वाटा किती, याचा हा मागोवा. (दीर्घ थ्रेड)

२/
रोगाची पहिली नोंद १९२७ सालची. स्वित्झर्लंडमधील झुरिकचे बालरोगतज्ज्ञ गिदो फॅन्कोनी यांनी तीन सख्ख्या भावांची हकिकत प्रसिद्ध केली. तिघांनाही तीव्र रक्तक्षय होता आणि सोबत काही जन्मजात शारीरिक व्यंगे होती. एकाच घरातील तीन मुलांना हे व्हावे, यावरून रोग आनुवंशिक असावा अशी शंका येणे स्वाभाविक होते. १९३१ साली ऑटो नेगेली या वैद्यकतज्ज्ञाने त्याला फॅन्कोनी यांचे नाव सुचवले. त्यानंतर अनेक दशके वैद्यकाच्या हाती नावापलीकडे फारसे काही नव्हते.

३/
हा रोग नेमका कोठे घाव घालतो? आपल्या हाडांच्या पोकळीत असलेल्या अस्थिमज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका या सर्व त्यांच्यापासूनच घडतात. पेशीतील डीएनएचे दोन धागे कधीकधी एकमेकांना चिकटून बसतात. शरीरातच तयार होणारी काही रसायनेही त्याला कारण ठरतात. निरोगी पेशी ही गाठ सोडवते. फॅन्कोनी ॲनिमियात ती सोडवणारी यंत्रणाच सदोष असते. परिणामी मूलपेशी एकेक करून नाश पावतात, मज्जा रिकामी होत जाते आणि कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

४/
बहुतेक कुटुंबांत आई आणि वडील दोघेही पूर्णतः निरोगी असतात. दोघांकडेही दोषयुक्त जनुकाची एकेक प्रत असते आणि त्याची त्यांना कल्पनाही नसते. दोन्ही दोषयुक्त प्रती बाळाकडे जाण्याची शक्यता प्रत्येक गर्भारपणात चारात एक. या गणितामुळे निदानाचा दिवस पालकांसाठी दुहेरी आघाताचा ठरे. समोरचे मूल आजारी आहे हे कळे आणि घरातील बाकीच्या मुलांकडे त्याच क्षणापासून वेगळ्या नजरेने पाहावे लागे.

५/
पहिली अडचण निदानाची होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील आर्लीन ऑरबाख यांनी ती सोडवली. डायइपॉक्सिब्युटेन या रसायनाचा स्पर्श झाला की रुग्णाच्या पेशींतील गुणसूत्रे मोठ्या प्रमाणात तुटतात. निरोगी पेशींत तसे होत नाही. या चाचणीने गर्भातील बाळाचेही निदान शक्य झाले. १९८२ साली ऑरबाख यांनी या रोगाची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू केली. देशोदेशी विखुरलेली एकेकटी कुटुंबे तीत येऊ लागली. दुर्मीळ रोगात अशा नोंदवहीचे मोल फार मोठे असते, कारण एका डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत असा एखादाच रुग्ण दिसतो, किंवा एकही नाही.

६/
दुसरी अडचण उपचाराची. मज्जा रिकामी होत असेल तर दुसऱ्याची निरोगी मज्जा द्यावी, ही कल्पना सोपी वाटते. परंतु प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाची जुनी मज्जा तीव्र औषधांनी नष्ट करावी लागते आणि ही औषधे डीएनएवरच आघात करतात. ज्यांच्या पेशींना डीएनएची दुरुस्ती जमत नाही, त्या मुलांना नेहमीची मात्रा विषासारखी बाधे. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील एलियान ग्लुकमन यांनी ही संवेदनशीलता ओळखली आणि औषधाची मात्रा बरीच कमी केली. तेव्हा कोठे या रुग्णांत प्रत्यारोपणाचा मार्ग खुला झाला.

७/
तिसरी अडचण दात्याची. पेशींची ओळख जुळणारे सख्खे भावंड मिळाले तर उत्तम. तीही शक्यता चारात एक. नाही मिळाले, तर? या प्रश्नाचे एक उत्तर लंडनमध्ये एका आईने दिले होते. शर्ली नोलन यांचा मुलगा अँथनी हा विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम या दुसऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक रोगाने आजारी होता. घरात दाता नव्हता. १९७४ साली शर्ली यांनी अनोळखी दात्यांची नोंदणी सुरू केली. अँथनीला जुळणारा दाता अखेरपर्यंत सापडला नाही. १९७९ साली तो गेला. नोंदणी मात्र चालू राहिली आणि पुढे तिच्या धर्तीवर अनेक देशांत दात्यांच्या नोंदण्या उभ्या राहिल्या.

८/
आता पॅरिस, ऑक्टोबर १९८८. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातून फॅन्कोनी ॲनिमिया झालेला पाच वर्षांचा एक मुलगा ग्लुकमन यांच्या रुग्णालयात आला. त्याची आई पुन्हा गरोदर असताना ऑरबाख यांच्या चाचणीने दोन गोष्टी स्पष्ट झाल्या होत्या : पोटातील मुलगी निरोगी आहे आणि तिच्या पेशी भावाशी जुळतात. प्रसूतीच्या वेळी एरवी फेकून दिले जाणारे नाळेतील रक्त जपून ठेवण्यात आले. इंडियानाचे शास्त्रज्ञ हॅल ब्रॉक्समायर यांनी त्यातील मूलपेशी अतिशीत अवस्थेत सांभाळल्या आणि ते रक्त स्वतः विमानाने पॅरिसला नेले.

९/
नाळेतील रक्ताचे हे जगातील पहिले प्रत्यारोपण. ते यशस्वी झाले. तो मुलगा मोठा झाला आणि वीस वर्षांनंतरही निरोगी होता. आज नाळेतील रक्ताच्या पेढ्या जगभर आहेत. त्यांचा उगम एका अत्यंत दुर्मीळ रोगात आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. या घटनेतील पालकांचा वाटा नीट पाहावा. तोवर एकाही माणसावर न झालेला प्रयोग स्वतःच्या मुलावर करू देण्याचा निर्णय त्यांनी घेतला होता. फसला असता तर मागे काय उरले असते, याची त्यांना पूर्ण जाणीव होती.

१०/
पुन्हा ओरेगनकडे. १९८७ साली फ्रोनमायर दांपत्याला तिसरी मुलगी झाली, एमी. तिलाही हाच रोग होता. दोन्ही मुलगे त्यातून सुटले. मुली तिघीही नाही. घरात जुळणारा दाता नव्हता. या दांपत्याने प्रथम इतर पीडित कुटुंबांशी संपर्क साधला, त्यांना एकत्र आणले, आणि १९८९ साली फॅन्कोनी ॲनिमिया रिसर्च फंड ही संस्था स्थापन केली. युजीन या शहरातून तिचे काम चालते. हेतू दोन : कुटुंबांना आधार आणि संशोधनाला पैसा.

११/
हे काम सरकारने किंवा औषध कंपन्यांनी का केले नाही, असा प्रश्न येथे पडतो. दुर्मीळ रोगांच्या औषधांना उत्तेजन देणारा कायदा अमेरिकेत जानेवारी १९८३ मध्येच झाला होता. परंतु तो कायदा कंपनीला औषध विकसित करण्यास प्रवृत्त करणारा होता. ज्या रोगाचे जनुकही ठाऊक नाही, त्याचे औषध कोण विकसित करणार? त्याआधीचे मूलभूत संशोधन कोणी तरी पोसायला हवे होते. लाखांत एखादे मूल ज्याने आजारी पडते, त्या रोगावर आयुष्य घालवायला तरुण शास्त्रज्ञ सहसा धजावत नाही. ती उणीव पालकांच्या वर्गणीने भरून काढली.

१२/
फंडाची कार्यपद्धती लक्षणीय आहे. नव्या कल्पनांना सुरुवातीचे अनुदान द्यायचे. त्यातून प्राथमिक निष्कर्ष हाती आले की शास्त्रज्ञाला मोठ्या सरकारी निधीसाठी अर्ज करता येतो. शास्त्रज्ञांना परिषदांतून एकत्र बसवायचे. फ्रोनमायर दांपत्याने कुटुंबे आणि त्यांचे डॉक्टर या दोघांसाठी मिळून एक मार्गदर्शक पुस्तिकाही सिद्ध केली. ज्या डॉक्टरने हा रोग कधी पाहिलेला नाही, त्याच्यासमोर पालकाने ती पुस्तिका ठेवावी, अशी ही उलटी वाट होती. ब्रिटिश इतिहासकार रॉय पोर्टर यांनी १९८५ साली वैद्यकाचा इतिहास रुग्णाच्या बाजूने लिहिण्याचा आग्रह धरला होता. त्या आग्रहाचा अर्थ अशा तपशिलांतून उमगतो.

१३/
१९९१ साली केटी गेली. वय बारा वर्षे.
१९९२ साली टोरांटोच्या बालरुग्णालयात मॅन्युएल बुकवाल्ड यांच्या गटाने या रोगाचे पहिले जनुक शोधून काढले. निरोगी पेशींतील जनुकांचे तुकडे रोगी पेशींत सोडायचे आणि कोणत्या तुकड्याने पेशी सावरते ते पाहायचे, अशी त्यांची रीत होती. रोगाच्या इतिहासात ही दोन साले एकमेकांना लागून येतात. दुर्मीळ रोगाच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या प्रत्येक पालकाला हा हिशेब मनात ठेवावा लागतो : विज्ञानाला दशके लागतात आणि मुलाजवळ तेवढी वर्षे नसतात.

१४/
त्या पहिल्या जनुकाने एक नवी शक्यता निर्माण केली. जनुकातील दोष ठाऊक असेल, तर प्रयोगशाळेत तयार केलेल्या भ्रूणांतून निरोगी आणि आजारी भावंडाशी जुळणारे भ्रूण निवडता येईल. अमेरिकेतील दोन कुटुंबांनी हा मार्ग धरला. कोलोरॅडोचे जॅक आणि लिसा नॅश यांची मुलगी मॉली आजारी होती. वॉशिंग्टनच्या लॉरी स्ट्राँगिन आणि ॲलन गोल्डबर्ग यांचा मुलगा हेन्री. दोघांच्याही रोगाचे मूळ १९९२ साली सापडलेल्या त्याच जनुकात होते. पूर्व युरोपीय मूळ असलेल्या ज्यू समाजात त्यातील एक विशिष्ट दोष तुलनेने अधिक आढळतो.

१५/
मार्गात कायदा आडवा आला. भ्रूणांवरील संशोधनाला संघराज्याचा पैसा देण्यास अमेरिकेत बंदी होती. ती मोडल्याच्या ठपक्यावरून मार्क ह्यूज या शास्त्रज्ञाचा सरकारी संशोधनसंस्थेशी असलेला संबंध १९९७ च्या आरंभी तुटला आणि या कुटुंबांचे प्रयत्न अडले. पुढे नॅश दांपत्याला शिकागोच्या युरी व्हर्लिन्स्की यांच्या केंद्रात यश आले. ऑगस्ट २००० मध्ये ॲडमचा जन्म झाला. त्याच्या नाळेतील रक्त मिनेसोटा विद्यापीठात जॉन वॅग्नर यांच्या पथकाने महिनाभरातच सहा वर्षांच्या मॉलीला दिले आणि ती वाचली.
लॉरी स्ट्राँगिन यांनी नऊ वेळा प्रयत्न केला. एकदाही जमले नाही. हेन्रीला अनोळखी दात्याच्या पेशी द्याव्या लागल्या. डिसेंबर २००२ मध्ये, सातव्या वर्षी तो गेला.

१६/
ॲडमच्या जन्मानंतर जगभर वाद पेटला. एका मुलाला दुसऱ्या मुलाच्या उपचाराचे साधन म्हणून जन्म द्यावा काय? आज ही निवड रोगासाठी, उद्या रंगरूपासाठी होणार नाही कशावरून? निवडीत न बसलेल्या भ्रूणांचे काय? हे आक्षेप क्षुल्लक नव्हते आणि आजही ते पूर्णपणे मिटलेले नाहीत. दुसऱ्या बाजूने असेही विचारले गेले की, वंश चालावा, म्हातारपणी आधार व्हावा, अशा हेतूंनी लोक मुले जन्माला घालतात, तेव्हा त्या हेतूंची झडती कोण घेतो? हा वाद तत्त्वज्ञांच्या पुस्तकांतून निघून घराघरांत पोहोचला, तो या रोगाच्या पालकांमुळे.

१७/
ज्यांना जुळणारे भावंड नव्हते त्यांचे काय झाले? येथे बदल हळूहळू घडला. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९९० ते २००३ या काळात अनोळखी दात्यांकडून प्रत्यारोपण झालेल्या ९८ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. प्रत्यारोपणापूर्वीच्या औषधांत फ्लुडॅराबिन नसलेल्या गटात तीन वर्षांनंतर हयात राहण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. ते दिलेल्या गटात सुमारे ५२ टक्के. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे कित्येक घरांतील मुले होत. आणि १३ टक्क्यांच्या काळात संमतीपत्रावर सही केलेल्या पालकांच्या मुलांवरूनच पुढचे ५२ टक्के शक्य झाले.
कर्स्टन फ्रोनमायर १९९७ साली गेली. वय २४ वर्षे.

१८/
या संशोधनाचा लाभ रोगाच्या सीमेबाहेरही गेला. २००२ साली बोस्टनचे ॲलन डी'आंद्रेआ आणि सहकारी यांनी दाखवून दिले की, फॅन्कोनी ॲनिमियाचा एक प्रकार बीआरसीए-२ या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यामुळे होतो. हे तेच जनुक, ज्याच्या एका सदोष प्रतीमुळे स्त्रियांत स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मूठभर मुलांच्या रोगात जी दुरुस्तीयंत्रणा उलगडली, तीच लाखो स्त्रियांच्या रोगाच्या मुळाशी होती. आज या रोगाशी निगडित वीसहून अधिक जनुके ज्ञात आहेत.

१९/
पुढची पायरी : दात्याची गरजच नको. रुग्णाच्याच मूलपेशी काढायच्या, त्यांत निरोगी जनुक सोडायचे आणि त्या परत द्यायच्या. या आशेला निसर्गाचा आधार होता. काही रुग्णांच्या मज्जेत एखाद्या मूलपेशीतील दोष आपोआप दुरुस्त होतो आणि ती एकच पेशी हळूहळू इतरांची जागा घेते, असे आढळले होते. २०१९ साली माद्रिदच्या हुआन बुएरेन यांच्या गटाने चार रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मज्जा नष्ट करणारी औषधे न देताच दुरुस्त केलेल्या पेशी त्यांच्या शरीरात रुजल्या आणि वाढल्या. ज्या औषधांनी एकेकाळी मुले दगावत, ती येथे वापरावीच लागली नाहीत.

२०/
भारतात हा रोग आहे का? आहे. फ्रोनमायर घरात निदान झाले त्याच वर्षी, मार्च १९८३ मध्ये, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. ते रक्ताच्या कर्करोगासाठी होते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत भारतीय फॅन्कोनी रुग्णांच्या गुणसूत्रांचा आणि जनुकांचा अभ्यास झाला आहे. अडचण दात्यांची आहे. जागतिक नोंदण्यांत युरोपीय वंशाचे दाते बहुसंख्य. भारतीय रुग्णाला जुळणारा दाता भारतीयांतच मिळण्याची शक्यता अधिक. चेन्नईत २००९ साली सुरू झालेली ‘दात्री’ ही नोंदणी त्याच गरजेतून उभी राहिली.

२१/
या इतिहासाला एक अस्वस्थ करणारी बाजूही आहे. डेव्ह फ्रोनमायर राज्याचे ॲटर्नी जनरल होते, पुढे ओरेगन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. दारे ठोठावली तर ती उघडणारी माणसे त्यांना ठाऊक होती. ज्या पालकांजवळ पद, पैसा वा परिचय नाही, त्यांच्या मुलांचे रोग संशोधनाच्या यादीत कोणी घालायचे? पालकांच्या जिद्दीवर विज्ञान चालू लागले, की जिद्दीबरोबर साधनेही असलेल्या पालकांचे रोग पुढे जातात. फ्रोनमायर दांपत्याच्या कार्याचे मोल याने कमी होत नाही; समाजाने आपली जबाबदारी कोणावर सोडून दिली होती, एवढे मात्र स्पष्ट होते.

२२/
प्रत्यारोपणाने मज्जा नवी होते, उरलेले शरीर तेच राहते. त्यामुळे वाचलेल्या रुग्णांना तरुणपणी तोंडाचा, घशाचा कर्करोग होण्याचा धोका कायम असतो. फंडाच्या संशोधनाचा मोठा भाग आता त्याकडे वळला आहे. हेही एक प्रकारे यशाचेच लक्षण होय. जो रोग पूर्वी बालपणातच मूल घेऊन जाई, त्याचे प्रौढ रुग्ण आज आहेत आणि त्यांचे प्रश्न वेगळे आहेत.

२३/
डेव्ह फ्रोनमायर मार्च २०१५ मध्ये निवर्तले. सर्वांत धाकटी एमी शिकली, मोठी झाली, लांब पल्ल्याच्या शर्यती धावली आणि स्वतःच्या रोगाविषयी जाहीरपणे बोलली. ऑक्टोबर २०१६ मध्ये तीही गेली. वय २९ वर्षे. तिघी बहिणींपैकी एकीलाही वडिलांनी आणि आईने उभ्या केलेल्या संशोधनाने वाचवले नाही. तरीही बारा, चोवीस आणि एकोणतीस हे आकडे एका ओळीत मांडले, तर ते कोणत्या दिशेने जातात ते दिसते.

२४/
झुरिकच्या त्या तीन भावांच्या आईवडिलांविषयी १९२७ च्या नोंदीतून आपल्याला फारसे काही समजत नाही. त्यांनी काय विचारले, कोणाचे दार ठोठावले, हे कोणी टिपून ठेवलेले नाही. आज एखाद्या घरात हे निदान झाले, तर त्या पालकांच्या हाती चाचणी आहे, दात्यांची नोंदणी आहे, सौम्य झालेले उपचार आहेत आणि पुढे काय करावे हे सांगणारी पुस्तिका आहे. ती पुस्तिका ज्या आईवडिलांनी सिद्ध केली, त्यांच्या तिन्ही मुली या रोगाने गेल्या. युजीनमधील संस्थेचे काम सुरू आहे.